काठ बघा

"एक खूण सांगा," शिरगुप्पे म्हणाले. "एकच. बघितल्या बघितल्या डोळ्यांत भरेल अशी."

टेबलापलीकडच्या गृहस्थांनी उजव्या हाताची बोटं पँटला पुसली. आल्यापासून ते तेच करत होते. बोटांना काही लागलेलं नव्हतं.

"कपाळ मोकळं असतं," ते म्हणाले. "कुंकू नाही, टिकली नाही. वडील गेल्यापासून."

हे उत्तर पटकन आलं. आईचं वय सांगताना ते अडखळले होते. साडी निळी होती की जांभळी, ते आठवेना. पायात चपला होत्या का, हे बायकोला विचारून सांगतो म्हणाले. कपाळाचं मात्र अगदी तोंडावर होतं. मी ते लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

त्यांचं नाव अनंत माईणकर. सांगलीतल्या एका शाळेत ते गणित शिकवायचे. त्यांच्या आई, इंदिराबाई, आदल्या दिवशी सकाळी घरातून बाहेर पडल्या होत्या आणि परत आल्या नव्हत्या. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडत चालला होता. मुलाचं नाव कधी आठवायचं, कधी नाही. साखरेच्या गोळ्या घरातच राहिल्या होत्या. गोळ्यांशिवाय त्या किती दिवस काढतील, हे डॉक्टर सांगायला तयार नव्हते. सांगली आणि मिरज, दोन्ही स्टँड सरांनी पालथे घातले होते, रेल्वे स्टेशन बघितलं होतं, घाटावरही जाऊन आले होते. घाटाचं सांगताना त्यांचा आवाज खाली गेला.

मोबाइल लोकांच्या हातात यायच्या आधीची गोष्ट आहे. माणूस हरवलं की पोलिसांनंतर लोक आमच्याकडे यायचे. आमचं दैनिक छोटं होतं, पण जिल्ह्यातल्या प्रत्येक स्टँडवर जायचं. मी तेव्हा जिल्ह्याचं पान लावायचे. अशा निवेदनांचा मजकूर माझ्याकडे असे आणि जागा शिरगुप्प्यांच्या हातात.

दत्तात्रय शिरगुप्पे आमचे जाहिरात व्यवस्थापक. त्याआधी त्यांनी साडीच्या दुकानात गादीवर बसून वर्षानुवर्षं साड्या उलगडल्या होत्या. गिऱ्हाइकाची नजर कशी फिरवायची, हे ते तिथे शिकले. त्याच दुकानासाठी पुढे त्यांनी एक जाहिरात केली. साडीचं चित्र नाही, बाईचा फोटो नाही, भाव नाही. पांढऱ्या जागेत दोनच शब्द: काठ बघा. त्या दिवाळीला बायका दुकानात शिरायच्या त्या काठावर बोट ठेवूनच. अंगाचं सूत पातळ होतं, रंगही कच्चा होता. ते कुणी बघितलं नाही, कारण बघायला कुणी सांगितलं नव्हतं. रस्त्याकडेच्या भिंतींवर ते दोन शब्द रंगवलेले असायचे.

"वाचक वाचत नाही, हर्डीकरबाई," ते मला म्हणायचे. "वाचक शोधतो. काय शोधायचं ते आपण सांगायचं."

मी लिहिलेला मजकूर त्यांनी वाचला. उंची, बांधा, वर्ण, चष्मा, किंचित वाकून चालण्याची सवय, उजव्या हातावर तुळशीचं गोंदण, बोली. त्यांनी लाल पेन्सिल काढली.

"हे गोंदण कुणाला दिसणार? हात वर करून चालणार आहेत का त्या?"

"खात्रीची खूण आहे ती," मी म्हटलं. "पुसली जात नाही."

"खात्री पोलिसांनी करायची. आपण मान वळवायची. दहा खुणा दिल्या की माणूस एकही बघत नाही, आणि एक दिली की तीच बघत सुटतो." ते सरांकडे वळले. "काय सर? कपाळ ठेवू ना एकटं?"

"ठेवा," सर म्हणाले. "तेवढंच ठेवा."

गोंदणावर मीच काट मारली.

सरांनी दोन फोटो आणले होते. एक कुठल्या तरी लग्नातला, हसरा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दुसरा फॅमिली पेन्शनच्या कामासाठी काढलेला, समोर बघणारा, कोरा चेहरा. शिरगुप्पे पहिल्याकडे हात नेणार, तोच सरांनी तो पालथा घातला.

"जुना आहे," ते म्हणाले.

शिरगुप्प्यांनी एका सोनाराची जाहिरात आतल्या पानावर ढकलली आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात जागा काढली. पैसे घेतले नाहीत. वर ठळक ओळ दिली: 'मोकळं कपाळ. या आजींना पाहिलंत?' पान लागल्यावर ते लांब उभे राहून बघत राहिले. फोटोतलं कपाळ खरोखर आधी दिसत होतं. बाकी चेहरा त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून टेलिफोन वाजू लागला. पलूस, जत, विटा. देवळाच्या पायरीवर बसलेली, आठवडी बाजारात भाजी घेणारी, लेकीकडे निघालेली, जिल्ह्यात जिथे जिथे मोकळ्या कपाळाची म्हातारी होती तिथून आम्हाला फोन आला. सर प्रत्येक ठिकाणी गेले. शाळेतून रजा काढून, एका मित्राची मोटारसायकल घेऊन. संध्याकाळी येऊन ते शिरगुप्प्यांच्या टेबलासमोर बसायचे आणि म्हणायचे, "नव्हती." मग पुन्हा तेच निवेदन, तीच ओळ.

तिसऱ्या दिवशी इस्लामपूरहून एक बाई थेट कचेरीत आल्या. साठीच्या, धट्ट्याकट्ट्या, हातात आमचाच अंक.

"हे कुणी लिवलंय?"

मी उठून उभी राहिले.

"काल मला चौकीवर नेलं. नाव विचारलं, गाव विचारलं, पोरं किती विचारलं. का, तर कपाळ मोकळं." त्यांनी अंक माझ्या टेबलावर ठेवला. "माझा नवरा जाऊन वीस वर्सं झाली. आजवर माझ्या तोंडाकडं कोण धड बघत नव्हतं. आता कंडक्टरबी कपाळाकडं बघून तिकीट फाडतोय."

शिरगुप्प्यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी चहा घेतला नाही. जाताना दारात थांबल्या.

"ती गावली का पन?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"गावंल," त्या म्हणाल्या. "आमच्यासारखी असंल तर एव्हाना कुनीतरी धरलीच असती."

त्या गेल्यावर शिरगुप्पे खूश होते. "बघितलंत? अख्खा जिल्हा शोधतोय." मी हो म्हटलं. त्यांचं शेवटचं वाक्य आम्ही दोघांनीही ऐकलं होतं.

चौथ्या दिवशी संपादक म्हणाले, नुसत्या निवेदनाने होत नाही, घरी जाऊन सविस्तर काहीतरी लिही. मी दुपारी माईणकरांच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढे तुळस, भिंतीत छोटं देवघर. सर नुकतेच कवठ्याहून परतले होते. त्यांची बायको शुभदा चहा घेऊन आली. तिचे डोळे सुजलेले होते, पण बोलणं नीट होतं.

"त्या दिवशी त्यांनी घरातून काही नेलं का?" मी विचारलं. "पिशवी, पैसे, कपडे?"

"काही नाही," सर म्हणाले.

शुभदाने कप माझ्यासमोर ठेवला. "देवाची कोयरी सापडत नाहीये," ती म्हणाली. "कुंकवाची. त्या दिवसापासून."

"त्याचा इथे काय संबंध?" सर म्हणाले.

"मला विचारताय?"

शुभदा देवघरासमोरच्या पाटावर बसली. तिथून तिला मीही दिसत होते आणि सरही.

"तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते," ती म्हणाली. तरीही ती थांबली. त्यांनी सांगावं म्हणून थांबली होती, हे मला कळत होतं.

सर बोटं पुसायला लागले.

"आई विसरते," ते म्हणाले. "दादा, म्हणजे माझे वडील, गेलेत, हे विसरते. रोज सकाळी उठून कुंकू लावायची. ड्यूटीवरून येतील, म्हणायची. ते एसटीत कंट्रोलर होते. आधी आम्ही समजावून सांगत होतो. सांगितलं की रडायची. पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंकू."

"मग संक्रांतीला शेजारी हळदीकुंकू होतं," शुभदा म्हणाली.

"तिथे जाऊन बसली. भरल्या घरात. कुंकू लावून, पदर पुढे करून, वाण मागत. सगळ्या बायका गप्प झाल्या. एक हसली. मी जाऊन हाताला धरून घेऊन आलो." ते माझ्याकडे बघत नव्हते. "त्यानंतर करंडा माळ्यावर टाकला. तरी ती देवाचं कुंकू घ्यायची. मग मी रोज शाळेत जायच्या आधी ओल्या फडक्याने पुसायचो. तिला ते आवडायचं नाही."

"आवडायचं नाही?" शुभदा म्हणाली.

"तोंड फिरवायची. मनगटं धरावी लागायची." ते थांबले. "त्या दिवशी फडकं हाताशी नव्हतं. मी हाताने पुसलं."

त्यांनी उजवा हात मांडीखाली घेतला.

मी चहाचा कप हातात धरून होते. निवेदनाची ठळक ओळ मला पाठ होती.

"सर," मी म्हटलं, "म्हणजे आत्ता त्यांच्या कपाळावर..."

"असणार," शुभदा म्हणाली. "कोयरी भरलेली होती. मी सोमवारीच भरली होती."

कचेरीत मी हे शिरगुप्प्यांना उभ्या उभ्या सांगितलं. ते ऐकत असताना समोरच्या अंकाकडे बघत होते. सांगून झाल्यावर त्यांनी तो अंक उलटा केला.

"म्हणजे ज्यांनी ज्यांनी त्यांना बघितलं असेल," ते म्हणाले, "त्या सगळ्यांना आपणच सांगितलं, की ही ती नव्हे."

मी पहिल्या मजकुराचा कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला.

"तुम्ही गोंदण लिहिलं होतं."

"काटही मीच मारली."

"मी मारायला लावली." त्यांनी लाल पेन्सिल खणात टाकली. "सरांना बोलवा. हे त्यांच्या संमतीशिवाय छापता येणार नाही."

सर आले. शिरगुप्प्यांनी त्यांना नवा मजकूर वाचून दाखवला. पती हयात आहेत अशा समजुतीने कपाळी मोठं कुंकू लावतात. पतीची चौकशी करतात. उजव्या हातावर तुळशीचं गोंदण. फोटो लग्नातला.

"शाळेतली मुलं वाचतील," शिरगुप्पे म्हणाले. "गल्लीही वाचेल."

"छापा."

"मोकळ्या कपाळाचं आधी का दिलं, असं कुणी विचारलं तर आमची चूक म्हणून सांगू."

"तसं सांगू नका," सर म्हणाले. "छापा."

दुसऱ्या दिवशी अंक तासगावात पोचून फार वेळ झाला नसेल, तोवर फोन आला. तासगाव स्टँडवरचा चहावाला बोलत होता.

"ओ, ती आजी हितं हाय. चार दिस झालं हितंच हाय."

तासगाव. लग्नानंतरची पहिली वर्षं आईने तिथे काढली होती, वडिलांची पहिली नेमणूक तिथली, हे सरांना जीपमध्ये बसल्यावर आठवलं. ते तसं म्हणाले आणि बाहेर बघत बसले. वाटेत एका गोठ्याच्या भिंतीवर रंग उडालेले ते दोन शब्द होते. काठ बघा. सरांनी ते वाचले.

"आई काठ बघायचीच नाही," ते कुणाला उद्देशून नव्हे असं म्हणाले. "पदर उलटा करून उजेडात धरायची. सूत बघायची."

पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेल्या शिरगुप्प्यांनी काच वर केली. गरम होत होतं, तरी केली.

स्टँडच्या टोकाला, कंट्रोलरच्या खिडकीसमोरच्या बाकावर त्या बसल्या होत्या. लहानशा, ताठ, मांडीवर कोयरी. साडी निळीही नव्हती आणि जांभळीही नव्हती, हिरवी होती. कपाळावर कुंकू. कपाळभर पसरलेलं, पण मधोमध. एका पायाला कळकट फडकं बांधलेलं होतं. अंगठ्याची जखम चिघळली होती. तो अंगठा नंतर मिरजेच्या दवाखान्यात काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणलं असतं तर वाचला असता. पण ते पुढचं.

चहावाला आमच्याकडे धावत आला. चाळिशीचा, खांद्यावर ओला पंचा.

"रोज चा-बिस्कुट देत हुतो, पैसं न्हाई घेतलं," तो आधीच सांगू लागला. "पायाला फडकं मीच बांधलंय. आन् पेपर मी रोज वाचतोय साहेब. हिच्या शेजारीच बसून वाचला. फोटो बघितला, हिच्याकडं बघितलं. नाक तेच वाटलं, खोटं कशाला बोलू? पर खाली लिवलं हुतं मोकळं कपाळ. म्हटलं, ही न्हवं. हिचा मालक हाय की. मालक येनार म्हनून तर बसलीया."

"तुमची काही चूक नाही," मी म्हटलं.

"हातावरची तुळस मी पैल्याच दिवशी बघितली हुती," तो म्हणाला. "चा घेताना. ते का न्हाई लिवलं तवा?"

त्याने ते रागाने विचारलं नाही. खरोखरच त्याला कळत नव्हतं. शिरगुप्पे पंचा बघत उभे राहिले, मी चहाची किटली.

सर तोवर पुढे गेले होते. बाकासमोर जाऊन ते म्हणाले, "आई."

इंदिराबाईंनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख नव्हती. परक्या माणसाकडे बघावं तसं त्या अदबीने बघत होत्या. सर वाकले. त्यांना उठवण्यासाठी, आधार देण्यासाठी, सरांनी उजवा हात पुढे केला.

इंदिराबाईंनी दोन्ही तळवे कपाळावर दाबून धरले.

कोयरी खाली पडली. कुंकू फरशीवर सांडलं. त्या ओरडल्या नाहीत, मागेही सरकल्या नाहीत. डोळे मिटून, कोपरं वर करून, नुसतं कपाळ झाकून बसल्या. उजव्या हातावरची हिरवी तुळस समोर आली. माणूस कोण, हे त्यांना आठवत नव्हतं. हात आठवत होता.

माझ्या खांद्याला कॅमेरा होता. तो मी पुढे घेतलाही असेल, कारण शिरगुप्प्यांनी माझ्या कोपराला हात लावला.

"हर्डीकरबाई," ते हळूच म्हणाले, "तिकडं बघू नका."

ते स्वतः गाड्यांच्या फलाटाकडे तोंड करून उभे होते. मी कॅमेरा सोडला, पण बघत राहिले.

सरांनी हात मागे घेतला. मग दोन्ही हात पाठीमागे बांधले, वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखे, आणि फरशीवर खाली बसले. त्यांचं डोकं आईच्या गुडघ्यांच्या खाली आलं. सांडलेलं कुंकू त्यांच्या पँटला लागलं. एक गाडी लागली, भरली, निघून गेली.

इंदिराबाईंनी बोटांच्या फटीतून बघितलं.

"कंट्रोलर साहेबांची ड्यूटी कधी सुटते हो?" त्यांनी विचारलं.

सर आईला अगंतुगंच करायचे. मला ते त्यांच्या बोलण्यातून माहीत होतं: आई विसरते, आई म्हणायची, तिला आवडायचं नाही.

"सुटली," ते म्हणाले. "तुम्हाला घरी घेऊन यायला सांगितलंय त्यांनी."

"तुम्ही एसटीतले का?"

"हो."

त्यांनी तळवे सावकाश खाली घेतले. कुंकू आता पार भुवयांपर्यंत फासलं गेलं होतं. त्या पुढे वाकल्या आणि चेहरा सरांसमोर धरला.

"नीट आहे ना?" त्या म्हणाल्या. "मला आरशात बघायला मिळालं नाही."

सरांचे हात पाठीमागेच होते.

"नीट आहे," ते म्हणाले. "तुम्ही चला."